अकरावं कलम

पहिली दहा कलमं छापील होती, अकरावं तेवढं पेनाने लिहिलेलं. आणि येसुकच्या डोक्यातून जात नव्हतं ते नेमकं हेच. सहलीहून परतून चार दिवस झाले, गुडघ्याची सूजही उतरली, पण ती एक ओळ कुसळासारखी रुतून बसली होती: "कामाबद्दल काहीही विचारायचं नाही."

दासोम तिची एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची, सोलमध्ये एका लहानशा कंपनीत खाऊच्या पाकिटांवरची चित्रं काढायची. येसुक देगू शहरात, नवरा गेल्यापासून एकटी. दोघींनी तीन दिवस जपानमध्ये फुकुओकाला जायचं ठरलं, म्हणजे दासोमने ठरवलं, तेव्हा ती सोलहून आली ती हातात कागद घेऊनच.

"आई, सही कर."

"सही कशाला? घर विकतेयस का माझं?"

"आईवडिलांना परदेशी नेणारी सगळी मुलं हल्ली हे करून घेतात. वाच मोठ्याने."

येसुकने चष्मा लावला. पहिलं कलम, 'अजून किती चालायचं?' असं म्हणायचं नाही. दुसरं, 'हे केवढ्याला पडलं?' तिसरं, 'खारट आहे.' चौथं, 'एवढंच बघायला आलो होतो?' असं करत करत दहावं, 'यापेक्षा घरचं जेवण बरं.'

"मग बोलायचं तरी काय?"

"'वा!' म्हणायचं. 'छान!' म्हणायचं."

"आणि हे अकरावं? हे तर छापलेलं नाही."

"ते खास तुझ्यासाठी," दासोम म्हणाली, आणि पेनाला टोपण लावण्यात तिने फार वेळ घालवला.

येसुकने सही केली. खालच्या मजल्यावरच्या सांगहोच्या आईची गत तिच्या डोळ्यांसमोर होती. सांगहोने तिला मोठ्या हौसेने ओसाकाला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती नूडल्सच्या वाडग्यात बघून 'खारट' म्हणाली, त्यावरून भडका उडाला, आणि मायलेक विमानात वेगवेगळ्या रांगांत बसून परत आले.

दासोमच्या सहलींचं एक शास्त्रच होतं. पगारात बसेल तेवढंच जग बघायचं, पण बघायचंच, असा तिचा बाणा. शाळेत असताना ग्योंगजूच्या सहलीला येसुकने तिला दहा हजार वॉन दिले होते. मुलगी परत आली ती नऊ हजार आणि एक लाकडी पाठखाजणी घेऊन. पाठखाजणीला तिकडे 'गुणी लेकराचा हात' म्हणतात. "तुझ्यासाठी, आई. मला भूकच नव्हती," असं म्हणाली आणि उभ्या उभ्या तीन वाट्या भात खाऊन गेली. तो हात अजून फ्रिजच्या बाजूला लटकतोय.

आताही तिकीट मंगळवार पहाटेचं होतं. मंगळवारी कुणी जात नाही म्हणून स्वस्त, हे तिचं गणित. मंगळवार ते गुरुवार सुट्टी कशी मिळाली, हे येसुकच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अकरावं कलम. सामानाच्या वजनाचे पैसे पडू नयेत म्हणून दासोमने आईला तीन स्वेटर एकावर एक चढवायला लावले होते. येसुक लोणच्याच्या बरणीसारखी फुगून रांगेत उभी राहिली आणि कागदावर कबूल केल्याप्रमाणे म्हणाली, "वा! छान!"

उतरल्यावर सामानाबद्दलचा फॉर्म भरायचा होता. त्यात व्यवसायाचा रकाना. आईच्या फॉर्मवर दासोमने झटकन 'गृहिणी' लिहिलं. स्वतःच्या फॉर्मवर मात्र, परीक्षेत शेजारणीपासून उत्तर लपवावं तसा डावा तळहात आडवा धरला.

येसुकने दुसरीकडे बघितलं.

बाकी तिने कलमं अशी पाळली की वकिलानेही शाबासकी द्यावी. गुडघा दुखायला लागला की ती एखाद्या पाटीसमोर उभी राहून ती वाचू लागे. जपानी येत नव्हतं, पण कॉलेजात शिकलेली चिनी अक्षरं पाटीत थोडीफार सापडायची. तिसऱ्या वेळी दासोमने विचारलं, "आई, या गटाराच्या झाकणावर एवढं काय लिहिलंय?"

"वा! छान लिहिलंय."

नूडल्सचा वाडगा समोर आला. एक चमचा रस्सा तोंडात गेला आणि येसुकच्या भुवया वर गेल्या.

"कसं आहे?" दासोमने डोळे बारीक केले.

"छान. इतका भरीव आहे की यात दोन वाडगे पाणी घातलं तर सगळ्या बिल्डिंगला पुरेल."

दासोमला हसू आवरेना. "आई, हे तिसऱ्या कलमात येतं हं!"

"कुठे येतं? मी स्तुती केली."

खोली एवढीशी होती की एकीने बॅग उघडायची तर दुसरीने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. संध्याकाळी दोघी सुपरमार्केटमध्ये सुशीच्या कपाटापुढे रेंगाळायच्या. तिथला माणूस अर्ध्या किमतीचे स्टिकर घेऊन यायचा, त्या घटकेची वाट बघत. दासोम डबे उचलून लेबलं वाचायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

"काल जे चिकटवत होते तेच आहेत," ती पुटपुटली. "हात सैल आहे त्यांचा. लवकर सुरुवात करतात."

लेकीचं हे ज्ञान ऐकून येसुकला अभिमान वाटावा की रडू यावं, ते कळेना.

आणि या तीन दिवसांत दासोमचा फोन एकदाही वाजला नाही. गेल्या वर्षी शरदातल्या सणाला दासोम घरी आली होती, तेव्हा साहेबांचे निरोप इतके येत होते की फोन थरथरत थरथरत ओट्यावरून तांदळाच्या पिठात पडला होता. आता तो पिशवीत गुपचूप. येसुक त्याच्याकडे बघे, दासोम आईकडे बघे, आणि दोघी म्हणत, "हवा किती छान आहे नाही?"

शेवटच्या दिवशी दासोम औषधांच्या दुकानात गेली आणि गुडघ्याला लावायच्या दुखणं थांबवणाऱ्या पट्ट्यांची सहा पाकिटं घेऊन आली. हिशेबाने खर्च करणारी मुलगी, पण किमतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणाला एवढ्या?" येसुकने विचारलं.

"असू देत घरात."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गटाराचं झाकण, पाट्या, सगळं. येसुकने 'वा' म्हटलं नाही, 'छान'ही म्हटलं नाही. पाकिटं पिशवीत ठेवली.

सोमवारी सकाळी सांगहोची आई मुळे घेऊन वर आली. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घालायचे दिवस. येसुकच्या बाल्कनीत चाळीस कोबी मिठात घालायचे बाकी होते.

"कशी झाली सहल? भांडलात कधी? पहिल्याच दिवशी?"

"भांडलोच नाही."

"काही काय! तीन दिवस आणि भांडण नाही?" सांगहोची आई मुळे ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "मग एकमेकींशी बोललात तरी का?"

ती गेल्यावर येसुक कोबीसमोर पाटावर बसली आणि मीठ चोळायला लागली. त्या बाईला टोमणा मारायला जरा उशीर होत नाही, आणि तो चुकीच्या जागी कधी बसत नाही. मायलेकी ताकाला गेल्या होत्या आणि दोघींनीही भांडं लपवलं होतं. फरक एवढाच की मुलीने आईचं भांडं न विचारता ओळखलं, आणि वर सहा पाकिटं आणून दिली. आईने काय आणलं? तीन स्वेटर परत.

तिने घड्याळात बघितलं. अकरा वाजले होते. ही नोकरी लागल्यापासून चार वर्षांत तिने दासोमला दिवसा कधी फोन केला नव्हता. "ऑफिसात चालत नाही आई, सातनंतर कर," हे पहिल्याच आठवड्यात ठरलेलं. दासोम कामावर असेल तर उचलणार नाही, संध्याकाळी फोन करून चांगली खडसावेल, आणि ते खडसावणं ऐकत येसुकला रात्री सुखाने झोप लागेल.

आणि उचललाच तर? तर विचारायचं काहीच नव्हतं. तिथे सही केलेली होती. एवढंच म्हणायचं की कोबी चाळीस आहेत, गुडघा एकच चांगला आहे, ये आणि हवं तितके दिवस राहा. किमचीबद्दल एकही कलम नव्हतं.

येसुकने हाताचं मीठ एप्रनला पुसलं आणि सात वाजायची वाट न बघता नंबर लावला.