माझ्या नावाचा दगड

मालगुजारांची जमीनदारी गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मला असा ताप आला की मिशनच्या दवाखान्यात दोन-तीन महिने पडून राहिलो. मी मिशनच्याच अनाथालयात वाढलेला. पाठीशी कोणी नाही, भांडवल म्हणजे तोंड. त्याच्या जोरावर चिचगडच्या पलीकडच्या तीन टोल्यांतली, म्हणजे पाड्यांतली, लाख विकत घ्यायचा हक्क मी मिळवला होता. बांधावरच्या पळसांवर किडे करतात ती लाख दिवाळीच्या सुमारास खरवडायची आणि माझ्याशिवाय कोणाला द्यायची नाही, असा तिथल्या गोंड घरांचा शब्द होता. कागद नव्हता. एक भागीदार होता. लाख पारखायला त्याला मीच शिकवले. जंगलात मुक्कामाला असलो की एकाच चुलीवर जेवायचो. जेवणाआधी मी मोठ्याने प्रार्थना करायचो, ती तो मुकाट ऐकायचा.

बरा होऊन दिवाळीनंतर मी टोल्यावर गेलो. भर दुपार होती. अंगणात लाख खरवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. भावावरून माझ्याशी नेहमी भांडणारी एक म्हातारी उठली. तिने तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे पाहिले, पावले सरळ आहेत की उलटी. मग पाण्याचा गडवा जमिनीवर ठेवून मागे सरकली.

"कायले आलास गा? आमी तं तुया नावानं जेवण घातलं."

मला काहीच उमगले नाही. सवयीने मी सुपातली लाख चिमटीत घेतली. "ओली आहे. भाव कमी पडेल."

"मेला तरी लाख ओलीच म्हणते," कुडाआडून कोणीतरी म्हणाले. हसले कोणी नाही.

म्हातारीच्या नवऱ्याने मला वाटेकडे नेले, चार हात अंतर ठेवून. टोल्याबाहेर ते आपल्या मेलेल्यांच्या नावाने दगड उभे करतात. त्या ओळीच्या टोकाला एक नवा दगड होता, माझ्या छातीइतका उंच. बुडाशी वाळलेली मोहफुले आणि एक बिडी.

"हा तुया."

त्याने सांगितले ते असे. भागीदार दवाखान्यात आला तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो. तिथल्या कंपाउंडरने, हा वाचत नाही, अशी मान हलवली. तो तडक टोल्यावर आला, मिशनवाल्यांनी मला पुरले म्हणाला, रडला, स्वतःच्या हाताने दगड उभा केला. त्याच संध्याकाळी पळसांचा शब्द आपल्या नावावर घेतला. मी खरेच मेलो का, हे विचारायला दवाखान्यात पुन्हा फिरकला नाही.

"उपटा तो," मी ओरडलो.

"उपटला तं तू राहशील कोठी?" म्हातारा शांतपणे म्हणाला आणि निघून गेला.

मी दगडाला खांदा लावला. तो हलला नाही. सावलीत असूनही कोमट लागला. मग मी तिथेच गुडघे टेकले. देवाशीही मी घासाघीसच करतो. भागीदाराला माझ्यासारखाच ताप दे, मी बिडी सोडतो, असे मोठ्याने म्हणालो. मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले, तशी आमची ऋणे सोड' या क्षमेच्या ओळीशी येऊन जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडली. रानात इतकी सामसूम होती की आपण दगडापुढे बसलो आहोत की दगडाखाली, हेच क्षणभर कळेना.

सायकल पडल्याचा आवाज आला. भागीदार वाटेवर उभा होता, हातात बिड्यांचा कट्टा. माझा आवाज त्याने ऐकला होता.

"मले सोड, दादा. मी दर बाजाराले बिडी ठेवतो ना."

सौद्यात मी आधी कधी बोलत नाही.

"एक टोला घे."

मी गुडघ्यांवरची माती झाडली.

"तिन्ही घे. पळस सारे तुये. फक्त घरी येत नको जाऊ. कालही दारात उभा होतास. बायकोनं पाहिलं."

काल मी दवाखान्याच्या खाटेवर होतो. अंगावर काटा आला, तरी हिशेब कळत होता. आणखी थोडा वेळ मेलेलाच राहिलो असतो तर जे गेले ते सगळे माझे होते, शिवाय त्याची झोप जन्मभर माझ्या मुठीत. तो बिड्यांचा कट्टा लांबूनच माझ्याकडे सरकवत होता. अडलेली ओळ अजून माझ्या तोंडात तशीच होती. मी ती म्हटली. गोडीने नाही, दात आवळून, पण आमेनपर्यंत. मग हात पुढे केला.

"धर. ताप उतरला म्हणून उठलो."

त्याने बोटे लावली, मग मनगट धरले, नाडी सापडेपर्यंत सोडले नाही. त्याच्या तोंडावर रंग आला. सायकल उचलत म्हणाला, "पळसाचं मंग पाहू, दादा. लोकाईले आता शब्द देऊन बसलो."

ते 'मंग' अजून आलेले नाही. मी दुसरीकडे, सालेकशाच्या बाजूला, नव्याने सुरुवात केली. त्याचे नाव मी प्रार्थनेत रोज घेतो. राग गेला असे म्हणणार नाही. गोंदियाच्या बाजारात भेटला की तो आधी माझे मनगट चाचपतो आणि मगच बोलतो. मी चाचपू देतो.