शृंगिकेने मला ओळखलं

मारेगावकडच्या कपाशीत कामगंध सापळे लावायचं काम मी एक हंगाम केलं. सापळ्यात रबराची बारीक गोळी असते. तिला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास चढवलेला असतो. त्या वासाने नर येतो आणि अडकतो. माणसाच्या नाकाला तो वास जाणवत नाही, म्हणून मी उघड्या हातांनीच गोळ्या बदलायचे.

एकदा तशीच थेट यवतमाळला प्रयोगशाळेत गेले. आमच्या मॅडमनी नर पतंगाच्या दोन्ही शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या त्या केसाळ काड्या, कापून त्यातली एक दोन तारांमध्ये बसवली होती. तारांना जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेषा सरळ चालली होती. मी जवळ गेले आणि रेषा खाली कोसळली.

मॅडमनी तारा तपासल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "जरा दारापर्यंत जा."

गेले. रेषा हळूहळू सावरली. परत आले, तशी पुन्हा पडली. दोनदा साबणाने हात धुतले, तरी तेच.

मॅडमनी समजावलं. शृंगिकेच्या केसांना सूक्ष्म छिद्रं असतात. वासाचा कण त्यातून आत जातो आणि चेतापेशीवर नेमक्या त्याच्यासाठी असलेल्या जागी बसतो. तो बसला की पेशीची दारं उघडतात, विद्युतभार आत शिरतो, आणि वासाची वीज होते. कापलेली शृंगिकाही काही वेळ हे करत राहते.

तो पतंग शेजारच्या डबीत अजून जिवंत होता. मी त्याच्यापुढे बोट धरलं. दोन्ही शृंगिका गेलेल्या, तो ढिम्म हलला नाही. आणि हातभर अंतरावर त्याचाच तुकडा मला ओळखत होता. मी बोट मागे घेतलं.

आमचं घर कपाशीला लागूनच. घरी येऊन, शेतात हात पुसलेली ओढणी धुतली, अंगणातल्या दोरीवर टाकली. सकाळी आईने हाक मारली. ओढणीवर बोंडअळीचे करडे पतंग पंख मिटून बसले होते, दहा-बारा तरी. शेजारच्या कपड्यांवर एकही नाही.

"तुह्याच ओढणीवर काहून बसून राह्यले हे?" आईने विचारलं.

मी सगळं सांगितलं. तिने ओढणी नाकाशी नेली, बराच वेळ हुंगली.

"मले तं कायचाच वास नाही येत," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मग तिने बाकीचे कपडे दोरीवरून काढून घेतले. त्या हंगामात माझे कपडे ती वेगळे वाळत घालायची.