शुक्रवारची काच

आर्वीच्या स्टँडवर वर्धेची एसटी लागली होती. कंडक्टर दोनदा घंटी वाजवून वैतागला होता आणि माझे बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना करत होते. शाळेत तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला तो आवाज. गाडीच्या खिडक्यांतून बायका वाकून बघायला लागल्या. मी एक डोळा किलकिला करून कोण हसतंय ते पाहून घेतलं. तिघं हसत होते, आणि त्यातला एक तर आमच्याच गल्लीतला होता. आमेन झाल्यावर बाबांनी माझी पिशवी वर दिली आणि म्हणाले, "बाई, तुयी नजर तेज आहे. साफ ठेवजो."

पहिलं वाक्य मी गाडीत बसल्या बसल्या मनात जपून ठेवलं. दुसरं आर्वीच्या स्टँडवरच राहिलं.

तुम्ही जे आर्वीत राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्याला, नागपूरला नाहीतर आखातात निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी निम्मे जण 'एस्तेरला आता लिहायचं काय सुचलं' म्हणून भुवया उंचावतील. उंचावा. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ज्यांना आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, माहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी काचेबद्दल सांगायला हवं. आर्वीतलं आमचं चर्च म्हणजे एक कौलारू खोली, बारा बाकं आणि एक जुना कंदील. वीज येऊन जमाना झाला, तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, मेजावर तो कंदील लागतोच. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते, आणि तेव्हा कंदिलाची काच काढून पुढच्या बाकावर ठेवलेली असते. ज्याच्या मनात मंडळीतल्या कोणाबद्दल काही सलत असेल त्याने ती घरी न्यायची, पुसायची, त्या माणसाशी जे काय बोलायचं ते बोलून घ्यायचं आणि रविवारी कोणी यायच्या आत काच परत आणून ठेवायची. नेणाऱ्याचं नाव कोणाला कळू नये म्हणून ती शेवटच्या प्रार्थनेत उचलायची, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना.

सगळ्यांचे म्हणजे माझे सोडून. मी सातव्या वर्षापासून त्या प्रार्थनेत डोळे उघडे ठेवत आले. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे आर्वीत पाळकांच्याही आधी मला कळायचं. सगळ्यात जास्त वेळा काच न्यायचे ते माझे बाबा. इतकं काय यांच्या मनात असतं, असा मला त्यांचाही संशय यायचा. घरी आले की ते काच माझ्याकडे द्यायचे, कारण त्यांचा पंजा आत जात नसे आणि माझा जाई. मी बाहेरून पुसून चकचकीत करायचे, तेवढ्यात ते म्हणायचे, "काजळी आतून धरते बाई. बाहेरून कितीबी घास." मग चुलीतली राख आणि चिंधी घेऊन मी हात आत घालायचे. बाबांचं कोणाशी काय होतं ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मला सगळं दिसतंच आहे.

पुण्यात मला जे काम मिळालं ते माझ्यासाठीच काढलं होतं की काय, कोण जाणे. कंपन्या ज्यांना नोकरीवर घेणार त्यांची सर्टिफिकेटं, जुन्या नोकरीची पत्रं, पत्ते खरे की खोटे हे तपासायचं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. शिक्का जरा तिरका दिसला की माझे कान टवकारतात. ऑफिसात मला मान आहे. टीम लीडर म्हणतो, एस्तेर मॅडमच्या टेबलावरून खोटा कागद पुढे जात नाही.

आणि मग रविवारी मी तेच डोळे घेऊन चर्चला जायचे. तिथलं चर्च म्हणजे एसी हॉल, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, दारात 'वेलकम सिस्टर' म्हणणारी हसरी मुलं, शेवटी कॉफी. मी दाराजवळची खुर्ची धरून बसायचे. हे हात वर करून रडणारे गृहस्थ पार्किंगमध्ये वॉचमनवर कसे खेकसले ते मी पाहिलेलं असायचं. व्हॉट्सॲपच्या प्रेअर ग्रुपवर कोणाच्या सुनेसाठी प्रार्थना मागितली की मला वाटायचं, ही चहाडीच आहे, फक्त रविवारचे कपडे घालून आली आहे. हे सगळं अगदीच खोटं होतं असंही नाही. पण सहा वर्षांत माझं असं झालं की हॉलमध्ये दोनशे माणसं मला दिसायची आणि ज्याच्यासाठी जमायचं तो काही केल्या दिसेना. डोळे मिटले तर पापण्यांच्या आतही माणसंच. मी त्याला पारख म्हणत होते. देवाने मला ती देणगी दिली आहे असंही एकदोघांना ऐकवलं होतं.

त्याच काळात बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई आधीच गेलेली. मी पुण्याहून फोनवर फक्त सूचना देणार. आणि तेव्हा बाबांच्या तोंडी एक नाव यायला लागलं, रंजना.

रंजना कारंज्याकडची, गोंड घरातली. आर्वीत आमच्या दोन घरं पलीकडे भाड्याने राहते, शाळेत खिचडी शिजवते आणि आमच्या मंडळीत येते. ती बाबांचा डबा करायला लागली. डोळे दाखवायला त्यांना एसटीने सावंगीच्या दवाखान्यात न्यायला लागली. रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचून दाखवायला लागली. मी फोन केला की तीच उचलायची. ना नात्याची ना गोत्याची, मग एवढं काऊन करते ही बाई? घरावर डोळा आहे, दुसरं काय. एकदा फोनवर मागून तिचा आवाज आला, ती तिच्या आईशी गोंडीत बोलत होती. मला एक शब्द कळला नाही, पण विषय मीच असणार याबद्दल माझी खात्री होती.

मी ठरवलं की बाबांना पुण्याला आणायचं आणि घराला कुलूप लावायचं. रविवार संध्याकाळची दोघांची परतीची तिकिटं काढली आणि न कळवता शुक्रवारी दुपारी आर्वीत उतरले. न कळवता, कारण आधी कळवलं की कागद नीट लावून ठेवले जातात, हा माझ्या धंद्यातला अनुभव.

बाबा झोपले होते. मी सरळ पत्र्याची पेटी उघडली. घराचे कागद नाडीने बांधलेले, जसेच्या तसे. त्यावर मात्र एक अनोळखी वही होती. अक्षर बाबांचं नव्हतं, म्हणजे रंजनाचंच. सापडलं, असं मी मोठ्याने म्हटलं असणार. वहीत शास्त्रातली वचनं उतरवलेली होती, बाबांना स्वतः वाचता यावीत म्हणून. पहिल्या पानांवर साधं, शाळेतलं अक्षर. पुढे ते मोठं होत गेलं, ओळी कमी होत गेल्या, पेनाच्या जागी मार्कर आला. शेवटच्या पानांवर तर एका पानात दोनच शब्द मावले होते. त्यानंतरची पानं कोरी.

मी ती वही दोनदा तपासली. मला त्यात काही खोटं सापडलं नाही, आणि याचाच मला राग आला.

जाग आल्यावर बाबांना तिकिटांचं सांगितलं. ते खाटेवर बसून गुडघे चोळायला लागले. "तू म्हणशील तं येतो," ते म्हणाले. "पण तिथं मले संडासाचा रस्ताबी सांगा लागन. इथं पायाले समदं दिसते." मी म्हटलं, सवय होईल. मला माहीत होतं की होणार नाही.

पहिल्या रविवारआधीचाच शुक्रवार होता, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं सभेला गेलो. काच बाकावर होतीच. शेवटची प्रार्थना सुरू झाली, माना खाली गेल्या, आणि माझे डोळे नेहमीसारखे उघडे. रंजना हळूच उठली, काच उचलून पदराखाली घेतली आणि जागेवर येऊन बसली. हिच्या मनात काहीतरी आहे आणि ते हिनेच कबूल केलंय. आता सुटायची नाही.

शनिवारी सकाळी मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. ती उकिडवी बसून राख चाळत होती, काच शेजारी. "बसा ना ताई," म्हणाली. मी बसले नाही. काच कोणासाठी नेलीस, असं सरळ विचारलं. आमच्या मंडळीत हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. ती चकित झाली नाही, फक्त चाळणी खाली ठेवली.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "दर महिन्याले तुमच्यासाठीच नेतो. दोन वर्सं झाले. फोन मी उचलला का तुमी म्हणता, बाबांना दे. कशी आहेस म्हणून एकडाव तरी इचारलं का? मले लय राग येते ताई. आता असा राग ठेवून प्रभुभोजन कसं घेऊ? म्हणून पुसतो. तुमाले सांगाचं होतं, पण तुमी येऊनच नाई राह्यल्या, तं कोणाले सांगू?"

हे हिला कोणी शिकवून ठेवलं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. खोटं कशाला सांगू? दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. ज्या बाईबद्दल मी दोन वर्षं संशय घेतला, ती दोन वर्षं माझ्यामुळे आपलं मन घासत बसली होती आणि त्याच वेळी माझ्या बापाला जेवू घालत होती. मला भयंकर लाज वाटली. मी खाली राखेतच बसले आणि म्हणाले, "कशी आहेस रंजना?"

ती हसायलाच लागली. "आता इचारता?"

मी काच मागून घेतली. बाहेरून पुसली, मग सवयीने हात आत घालायला गेले. बोटं गेली, पंजा अडकला. सात-आठ वर्षांची असताना जी काच मी सहज पुसत होते तिच्यात आता माझा हात जात नव्हता. बाबांचाही जात नव्हता. आत सगळी काजळी तशीच. रंजनाने माझ्या हातातून काच घेतली. तिचा हात बारीक, चार बोटं जुळवून तिने तो सरळ आत घातला. "तुमी उजेडाकडं धरा," ती म्हणाली, "आन् कुठं राह्यली ते सांगा." मी काच उन्हात धरली आणि सांगत गेले, इथे आहे, अजून थोडी वर, आता गेली. माझी नजर तेज आहेच. त्या सकाळी ती पहिल्यांदा कोणाच्या कामी आली.

बाबांचं तिकीट मी रद्द केलं. पुण्यातली नोकरी सोडलेली नाही, संशय तर मुळीच नाही; पगारच त्याचा मिळतो. पण चर्चमधली दाराजवळची खुर्ची सोडली. वॉचमनवर खेकसणारे ते गृहस्थ आता माझ्या शेजारी बसतात. त्यांच्या बायकोला डायलिसिसला न्यावं लागतं, हे मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. फोनवर आधी रंजनाशी बोलते. ती इतकं बोलते की बाबांना द्यायचं राहून जातं.

जमेल त्या महिन्यात पहिल्या रविवारच्या आधी आर्वीला जाते. परवाच्या शुक्रवारीही गेले होते. बाबा डावीकडे, रंजना उजवीकडे, काच समोर. पाळक शेवटच्या प्रार्थनेला उभे राहिले. पुण्यात मला अजून हे साधत नाही, पण तिथे, त्या दोघांच्या मधे, मी डोळे मिटले आणि आमेनपर्यंत मिटलेलेच ठेवले. उघडून पाहिलं तर बाक रिकामं होतं.

काच कोणी नेली, मला माहीत नाही.