उपाशीपोटी दिलेलं रक्त

सांगलीतल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी मला विचारलं, कुठली पावडर, गोळी, मलम काही घेता का? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि या वेळी बघितलं माझ्या नवऱ्याकडे. मला भयंकर राग आला. खोटं बोलायचं असतं तर मी वाईहून इथवर लग्न करून आले नसते, तिथेच वकील झाले असते.

माझा चेहरा भोपळ्यासारखा वाटोळा झाला होता. पोट सुटलं, हातपाय मात्र काड्या, आणि जरा धक्का लागला की दंडावर निळं पडायचं. डॉक्टर म्हणाले, ही सगळी लक्षणं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, जास्त झाल्याची आहेत. पण रक्तात ते जास्त सापडत नव्हतं, उलट कमीच येत होतं. बाहेरचं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणजे ते बाहेरून पोटात जातंय. लपूनछपून.

झालं. कुपवाडहून कामावरून आला की नवरा आधी माझं कपाट उघडायचा. माझ्या आईने माहेराहून काही दिलं असेल, असं त्याच्या मनात होतं. माझ्या मनात त्याची आई होती. मला मूल होत नव्हतं, आणि सासूबाईंनी एकदा मला न सांगता चहात अंगारा घातला होता. आठवडी बाजारातल्या वैदूची पुडीही घातली नसेल कशावरून? मी गुपचूप माझी आमटी वेगळी करायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही, याचाही मला संशय आला.

सूज काही उतरेना. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा रक्त तपासायला सांगितलं. सकाळी या, एवढंच ते दर वेळी म्हणायचे. उपाशी या, असं एकदाही म्हणाले नव्हते. पण आमच्याकडे रक्त द्यायचं म्हणजे पोटात चहाचा घोटसुद्धा नको, हे कुणी सांगावं लागत नाही.

त्या दिवशी लॅबच्या बाकावर मला गरगरायला लागलं. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला. भाकरी, मेथीची भाजी, दही. पहिला घास मोडून त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला आणि मग डबा माझ्यापुढे धरला. मला सगळं कळलं. लाजही वाटली आणि रागही आला, पण भूक दोन्हींपेक्षा मोठी होती. मी भाकरी संपवली आणि रक्त द्यायला गेले.

या वेळी कॉर्टिसॉल कितीतरी पट आलं. आज काय वेगळं केलंत, असं डॉक्टरांनी चोर पकडल्यासारखं विचारलं. भाकरी खाल्ली, मी म्हटलं. त्यांचं पेन थांबलं.

मग मला दवाखान्यात ठेवून आधी उपाशी आणि नंतर जेवल्यावर पुन्हा पुन्हा रक्त घेतलं. दर जेवणानंतर आकडा चढत होता. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे कानच म्हणा. त्यांनी मेंदूखालच्या ग्रंथीची हाक ऐकायची आणि मगच कॉर्टिसॉल सोडायचं. माझ्या एका ग्रंथीत गाठ होती, आणि तिच्या पेशींना नको ते कान फुटले होते. जेवल्यावर आतड्यातून एक हार्मोन निघतं. त्याची हाक असते स्वादुपिंडाला, ओ द्यायची ही गाठ. एवढं कॉर्टिसॉल बघून मेंदूखालची ग्रंथी गप्प बसलेली, म्हणून उपाशीपोटी सगळंच शांत. गाठ काढायची ठरली.

नवरा औषधं आणायला गेला. आम्ही दोघीच उरलो.

"तू माज्या हातचं खात न्हवतीस, ते मला कळत हुतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग बोललात का नाही?"

"बोलून काय, तू खाल्लं असतंस व्हय? माज्या भाकरीनं तू सुजलीस, आन् भाकरीनंच रोग घावला. आता घरी गेल्यावर वाढू का नको, त्येवढं सांग."

मला रडू येत होतं, पण खोटं बोलवेना.

"वाढा, आत्या," मी सासूबाईंना म्हटलं. "पण माझ्यासमोर वाढा."

त्यांनी मान डोलावली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. तेवढा संशय त्यांना मान्य होता.