देवीचा दोरा आणि दारातलं बेसिन

देवी माझ्यावर रागावली आहे असं मला त्या दिवसांत मनापासून वाटत होतं. आमची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी गणपतीला गावी गेलो, तेव्हा आमच्या हिला तिसरा महिना होता. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. गुरवाने देवीसमोर गाऱ्हाणं घातलं आणि माझ्या उजव्या मनगटावर सैलसर लाल दोरा बांधला. मूल नीट झालं की त्याला घेऊन यायचं, देवीच्या ओटीत घालायचं आणि मग हा दोरा गुरवच सोडणार, असा नवस. तोवर मी स्वतःच्या हाताने तो काढायचा नाही. मी भाईंदरला परत आलो तो त्या दोऱ्याला जपतच. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर माझं काम, दोरा अडकू नये म्हणून वरून रुमाल गुंडाळायचो. शाळा मी सातवीतच सोडली, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला अर्धंच कळायचं. दोऱ्याचं मात्र सगळं कळत होतं.

आणि तरीही थंडीत, दिवस भरायच्या खूप आधी, हिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं आणि भाईंदरच्या गोडदेव भागातल्या आमच्या खोलीत तिला फीट आली. शेजारच्या भाभीने रिक्षा थांबवली आणि आम्ही सरकारी रुग्णालयात पोचलो. ऑपरेशन करून मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढंच. तिला लगेच वरच्या मजल्यावर, लहान बाळांच्या कक्षात नेलं. ही दुसऱ्या वॉर्डात, प्रेशर उतरेना म्हणून पडून. एक वर, एक खाली, आणि मधल्या जिन्यात मी. गाळ्यातले लोक फोनवर म्हणत होते, सरकारीत कशाला ठेवलंस, उचल आणि दुसरीकडे ने. सरकारी म्हटलं की लोकांचं तोंड जरा वाकडं होतंच. मलाही भीती वाटत होती. पण काचेतल्या त्या एवढ्याशा जिवाला उचलायचं कसं, हेच मला कळत नव्हतं.

अशा वेळी माणूस देवाकडे जातो. मला तेही करता येईना. आमच्याकडे मूल जन्मलं की भावकीला सोयर असते. देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, देवळाची पायरी चढायची नाही. मोठ्या भावाला गावी फोन केला, देवीला नारळ ठेव म्हणून. तो म्हणाला, अरे, सोयर आपल्या सगळ्यांनाच आहे, घरातलं कोण जाणार? तो चुकीचं बोलत नव्हता. फोन ठेवला आणि वाटलं, जिला हाक मारायची तिचंच दार आपल्याला बंद. आयुष्यात कधी नव्हे एवढी गरज आणि हात जोडायलाही जागा नाही. वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसून मी मनगटावरचा दोरा फिरवत राहायचो, एवढीच काय ती माझी पूजा.

त्याच बाकावर राईच्या आजी भेटल्या. म्हणजे नाव मी आजवर विचारलं नाही, राईच्या आजीच म्हणतो. खाडीकडच्या राई नावाच्या जुन्या गावातल्या, नऊवारी नेसलेल्या, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. त्यांच्या लेकीचं बाळ आत होतं, माझ्या मुलीच्या शेजारच्या काचेच्या पेटीत. रोज सकाळी घरून तांदळाची भाकरी आणि कालवण आणायच्या आणि न विचारता माझ्यापुढेही ठेवायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, उपाशी बापाचं तोंड बघून पोर घाबरंल.

माझ्या मुलीचं दुखणं असं होतं की ती मध्येच श्वास घ्यायची विसरायची. मशीन वाजायचं, सिस्टर धावत जाऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायची आणि ती परत श्वास घ्यायची. काचेबाहेरून मी ते बघायचो. मशीन वाजलं की माझाही श्वास थांबायचा. मग एका सकाळी मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. नागपूरकडच्या होत्या, बोलणं मोकळं. त्यांनी सांगितलं, बाळाला आता ऊब पाहिजे, पेटीची नाही, माणसाच्या अंगाची. कांगारूसारखं छातीशी धरून बसायचं, तासन् तास. आई खाली पडून आहे, तेव्हा बापाने यायचं. मला आधी खोटंच वाटलं. बाप आत? आमच्या गावी बाप बारशापर्यंत पोर धड हातातही घेत नाही. सिस्टर म्हणाल्या, आता आम्ही वडिलांनाही घेतो आत. फक्त दारातल्या बेसिनवर हात धुवायचे, आणि कोपराच्या खाली अंगावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, दोरा नाही.

दोरा नाही, इथे मी अडलो. देवीच्या नावाचा दोरा स्वतःहून काढायचा, तोही मूल अजून धड नसताना. आणि विचारायचं कुणाला? सोयरीत गाऱ्हाणं कोण घालणार? मग मी जे केलं ते आठवलं की आता हसू येतं. मी दोरा वर सरकवला. ओढून ओढून कोपराच्या वर नेला, दंडावर घट्ट बसवला आणि वरून हॉस्पिटलचा गाऊन घातला. म्हटलं, कोपराच्या खाली नाही, म्हणजे नियमही मोडला नाही आणि नवसही.

बेसिनचा नळ पायाने दाबायचा होता. सिस्टर शेजारी उभ्या राहून हात धुवायला शिकवायच्या. तळवे, बोटांच्या मधे, अंगठे, नखं, मग मनगट, सगळं सावकाश. घाई करणाऱ्याला परत पहिल्यापासून धुवायला लावायच्या. मी धुवायला लागलो आणि पाणी कोपरापर्यंत चढलं, गाऊनची बाही भिजली आणि बाहीतून काळं पाणी ओघळून पांढऱ्या बेसिनमध्ये पडलं. गाळ्यातली सगळी पॉलिशची धूळ त्या दोऱ्यात महिनोन् महिने साठलेली. सिस्टरनी बाही वर केली. दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, देवीला लपवून आणता काय?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच आलं. मी तुटक तुटक सगळं सांगितलं, आधीची दोन मुलं, नवस, गुरव, सोयर. मागे राईच्या आजी आपल्या लेकीसाठी थांबल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. सिस्टर म्हणाल्या की त्या जबरदस्ती करणार नाहीत. दोरा ठेवायचा असला तर ठेवा, पण वर असला तरी त्यातला मळ बाळापर्यंत येतो, मग बाळाजवळ दुसरं कुणीतरी बसायला बघा. दुसरं कोण होतं? त्या परमुलखात मला दुसरं कोण होतं?

तेवढ्यात आजी पुढे आल्या. "पोरा, रडतंस कशाला? तुला सोयर हाय, मना न्हाय. माज्या लेकीचं पोर हाय, लेकाचं न्हाय. मी देवळात जातंय रोज. तुजा दोरा दे मना, आमच्या देवीच्या पायाशी ठेवतंय."

मी म्हटलं, आजी, पण माझी देवी दुसरी, लांबची.

"मग काय झालं? देव्या काय एकमेकींना वळकत न्हाईत? आमची सांगंल तुजीला."

ही गोष्ट मला त्याआधी कधी सुचलीच नव्हती. सोयर आम्हाला होती, देवीला नव्हती. दार आमच्या बाजूने बंद होतं, तिच्या बाजूने कुणी कडी घातली होती? मी बराच वेळ बेसिनमधल्या त्या काळ्या पाण्याकडे बघत उभा राहिलो. आत मशीन वाजलं. माझ्या मुलीचंच होतं की दुसऱ्या कुणाचं, माहीत नाही. पण तो आवाज ऐकला आणि माझ्या मनातला सगळा हिशेब संपला. मनात म्हटलं, आई, मला काही कळत नाही. चुकलं तर माझ्या पदरात घाल, तिच्या नको. आणि हात सिस्टरपुढे धरला.

सिस्टरनी कात्री आणली. कापण्याआधी त्यांनी स्वतःचे हात परत धुतले, हे माझ्या लक्षात राहिलं आहे. त्याची गरज नव्हती, त्या तर दोऱ्यालाच हात लावणार होत्या. का धुतले ते मी विचारलं नाही. दोरा कापून त्यांनी आजींच्या हातात दिला, आजींनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग मी परत पहिल्यापासून हात धुतले. पॉलिशचा काळा रंग नखांच्या कडांतून आणि तळव्याच्या रेषांतून जाईना. मी घासत राहिलो, कातडं लाल झालं. शेवटी सिस्टरनी मला नळावरचा पाय काढायला लावला.

"पुरे आता. हा रंग आहे, मळ नाही. मळ केव्हाच गेला."

आत एक मागे रेलणारी खुर्ची होती. शर्टाची बटणं सोडून मला तीत बसवलं आणि टोपी आणि लंगोट एवढंच घातलेली माझी मुलगी माझ्या छातीवर उभी ठेवून वरून कापड गुंडाळलं. ती किती हलकी होती ते मला लिहिता येणार नाही. मशीनवर मी एका हातात जी पातेली फिरवतो त्यांच्यापेक्षाही हलकी. मी हलायला घाबरत होतो, श्वास घ्यायलाही. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही श्वास घ्या, ती तुमचा ऐकून घेते. मग मी श्वास घेऊ लागलो. देवीचं नाव मनात घ्यायला सोयर आड येत नाही, ते मला गावच्याच जाणत्यांनी कधीतरी सांगितलं होतं. एक श्वास, एक नाव. मी तेवढंच करत बसलो. त्या बैठकीत तिचं मशीन वाजलं नाही. का वाजलं नाही, ते डॉक्टरांना माहीत असेल, देवीला माहीत असेल. मी कुणालाच विचारायला गेलो नाही. मला न वाजणारं मशीन पुरेसं होतं.

त्यानंतर रोज मी गाळ्यात अर्धा दिवस काम करून यायचो. शेठला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, अब तू कांगारू बन गया. पण सुट्टी दिली. रोज बेसिनवर उभा राहून बोटाबोटाला देवीचं नाव घेत हात धुवायचो, म्हणजे घाई व्हायची नाही. सिस्टर बाकीच्या बापांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, यांच्यासारखे धुवा. माझ्यासारखं काही कर असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी कुणाला सांगितलं असेल. हिचं प्रेशर उतरलं तेव्हा तिला चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं. तिने मला त्या खुर्चीत तसं उघड्या छातीने, मुलीला घेऊन बसलेलं पाहिलं आणि आधी हसली, मग रडली. म्हणाली, उठा आता, माझी पाळी.

आम्ही तिघं घरी गेलो. सोयर फिटल्यावर पहिल्यांदा खोलीतल्या देवापुढे दिवा लावला.

मग रुग्णालयातून फोन आला. वर्षभरात जे काम झालं ते सांगण्याचा छोटा कार्यक्रम होता, खालच्या हॉलमध्ये. बरी होऊन घरी गेलेल्या बाळांच्या आईबापांनाही बोलावलं होतं. राईच्या आजीही आल्या होत्या, नातवाला घेऊन. मला बघताच म्हणाल्या, "तुज्या लेकीपेक्षा माजा नातू जाडा हाय, बघून घे." बाळांच्या कक्षाच्या डॉक्टर मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. या वर्षी काय नवं झालं ते त्या एकेक सांगत होत्या. दाराशी पायाने चालणारे नळ बसवले. त्याने बाळांना जंतूंचा त्रास कमी झाला. वडिलांना आत घ्यायला सुरुवात केली, त्यासाठी रेलणाऱ्या खुर्च्या आल्या. आजारी आईला वॉर्डातून बाळापर्यंत आणायची सोय केली. दर गोष्टीला लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात लेक झोपली होती म्हणून मला टाळी वाजवता येईना. आणि मला दिसत होतं की मॅडम रुग्णालयाचं काम सांगत नाहीत, माझीच गोष्ट सांगताहेत. नळ, खुर्ची, चाकाची खुर्ची, एकेक करून.

मग मॅडम म्हणाल्या की हे सगळं गणपतीच्या जरा आधी सुरू झालं. त्याआधी वडिलांना काचेबाहेरच थांबावं लागायचं.

गणपतीच्या आधी म्हणजे मी गावी जाऊन नवस बोलण्याच्याही आधी. माझ्या मनगटावर दोरा अजून बांधला जायचा होता, आणि इथे कुणीतरी त्या नळाचे पाइप जोडत होतं, कुणीतरी खुर्च्या जिन्याने वर चढवत होतं. मी मागायच्या आधीच द्यायला सुरुवात झाली होती. आणि मी बाकावर बसून म्हणत होतो की देवीने दार बंद केलं. मला दोन शब्द बोलायला पुढे बोलावलं. मी फक्त हात जोडल्यासारखं केलं, लेकीसकट. जे तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहितो आहे.

उन्हाळ्यात गावी गेलो. जाण्याआधी राईला जाऊन आजींकडून दोरा घेतला, त्यांच्या देवीच्या पायाशी राहून तो कुंकवाने माखला होता. मुलीला आमच्या देवीच्या ओटीत घातलं. गुरवासमोर कापलेला दोरा ठेवताना मी खाली मान घातली होती. त्याने उचलून दोन्ही टोकं पाहिली आणि विचारलं, कोणी कापला? मी सांगितलं, आमच्या तिथल्या सिस्टरने. पोरीला छातीशी घ्यायचं होतं म्हणून.

गुरवाने दोरा देवीच्या पायावर ठेवला आणि म्हणाला, "मग मी कशाला सोडायला हवा? देवीनेच सोडवून घेतला."

आता रोज संध्याकाळी गाळ्यातून येतो आणि दिव्याआधी हात धुतो. तळवे, बोटांच्या मधे, अंगठे, नखं, मनगट, तसेच, सावकाश. नखांच्या कडांना रंग राहतोच. मी आता तो घासत बसत नाही. मुलगी रांगत येऊन पायाशी थांबते, मी ओले हात पुसतो, तिला उचलतो आणि तिच्यासकट दिवा लावतो.