भाभींनी बंद केलेली गोळी

पिरंगुटच्या बाजारात डॉक्टर पुष्कळ आहेत, पण त्यांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का बसतो तो मुनीराभाभींच्या मेडिकलमध्ये. मी शुभांगी, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करते, म्हणून छातीठोकपणे सांगते. कारखान्यातले कामगार असोत की शेतावरच्या बाया, सगळे चिठ्ठी पुढं करून आधी विचारतात, "भाभी, ह्यातलं खरंच काय लागतंय?" मग भाभी चष्मा नाकावर ओढतात आणि ताकदीचं टॉनिक खोडतात. तीच गोळी वेगळ्या नावानं दोनदा आली असेल तर एक खोडतात. स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडणारा असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. लोक त्यांना डॉक्टरपेक्षा वर मानायचे आणि खरं सांगायचं तर भाभींना ते आवडायचं. मलाही आवडायचं, त्या मोठेपणात माझाही वाटा असल्यासारखी मी काउंटरमागं उभी असायचे.

श्रावणात माले गावचे गेणबाकाका आले. त्यांची रजनी तेवीस वर्षांची, उरवड्याला पॅकिंगच्या कामाला जायची. ताप हटेना म्हणून तपासलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात केमो नुकतीच सुरू झाली होती. काकांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"हे खाल्लं की पोरीला लई मळमळतंय, भाभी. पोट बी बिघडतंय. बगा जरा."

भाभींनी पाकीट पाहिलं आणि हसल्या. ही गोळी आम्ही दिवसभर देत असतो, डोळे मिटून ओळखू येते. "काका, ही तर साखरेची गोळी. रजनीला साखर हाय का?"

"न्हाई."

"मग दुसऱ्या कुना पेशंटची हिच्या पिशवीत आली असंल. एवढ्या गर्दीत व्हतं असं. आधीच तिच्या पोटात अन्न ठरंना, वर ही कशाला? बंद करा."

पाकिटासोबत एक पिवळं कार्ड होतं. रोजच्या गोळीपुढं खूण करायला चौकट, आणि खाली फोन नंबर, काही त्रास झाला तर आधी इथं कळवा म्हणून. कार्ड माझ्या हातात होतं. साखरेच्या पेशंटला कुणी असलं कार्ड देत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण भाभींपुढं शहाणपणा कोण करणार? मी कार्ड काकांना परत दिलं.

पाच आठवड्यांनी काका पुन्हा आले. पहिल्या टप्प्यानंतर खराब पेशी जायला हव्या होत्या, त्या गेल्या नव्हत्या. आता जास्त जोराची केमो करायची होती. औषधं नीट कळावीत म्हणून भाभींनी फाइल मागितली. मागच्या वेळी मागितली नव्हती. फाइलमध्ये मराठीतलं संमतीपत्र होतं आणि खाली रजनीची सही. साखरेच्या आजारावरची जुनी, माहितीतली गोळी केमोसोबत दिली तर रक्ताच्या कॅन्सरवर तिचा उपयोग होतो का, याचा अभ्यास चालला होता. गोळी स्वतःहून बंद करू नये, असंही लिहिलं होतं.

भाभींनी ते दोनदा वाचलं आणि स्टुलावर बसल्या. गिऱ्हाईक समोर असताना भाभी कधी बसत नाहीत.

"गोळी बंद केली ते डॉक्टरांना सांगितलं व्हतं का, काका?"

"न्हाई बा. त्यांनी मायेनं दिली, चुकून का व्हईना. त्यांस्नी वाईट वाटू नये म्हनून रजनी कार्डावर रोज खूण करायची."

भाभींनी फाइल मिटून परत केली आणि औषधं बांधून दिली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी कुणाच्या चिठ्ठीवर पेन टेकवलं नाही. एकीनं विचारलं, ह्यातलं काय लागतंय, तर म्हणाल्या, "लिवलंय ते सगळं." घरी जेवतही नव्हत्या. मी त्यांना गप्प बसायचा सल्ला दिला. कुणाला कळणार आहे, असं मीच म्हणाले. ते आठवलं की अजून मला माझी लाज वाटते.

भाभी भडकल्या नाहीत. "तितं लिवून ठेवलं असंल, रजनीनं गोळी घेतली आन् उपयोग झाला न्हाई. तिनं घेतलीच न्हाई, शुभांगी. पोरीचं काय व्हायचं ते व्हवो, पर उद्या ह्या खोट्या खुणांपायी दुसऱ्या कुनाची गोळी बंद झाली तर?"

चौथ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून आम्ही बसनं पुण्याला गेलो. रजनीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर जुईली माझ्याहून लहान असतील. भाभींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. डॉक्टरांनी रजनीनं जमा केलेलं पिवळं कार्ड काढून त्या ओळीनं केलेल्या खुणांकडं पाहिलं.

"गोळी घेतली असती तर ती बरी झाली असती?" भाभींनी विचारलं.

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, तेच तर आम्ही शोधतोय."

भाभींना शिव्या परवडल्या असत्या. दोषी आहेस म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण 'माहीत नाही' हे उत्तर त्यांना पेलवेना. डॉक्टरांनी वरिष्ठांना फोन केला. रजनीच्या त्या नोंदी अभ्यासात धरायच्या नाहीत आणि नव्या केमोसोबत गोळी पुन्हा सुरू करायची, असं ठरलं. "घरी मी फोन करते," त्या म्हणाल्या. भाभी म्हणाल्या, "नको. मीच जाते."

आम्ही तिथून थेट मालेला गेलो. रजनी डोक्याला ओढणी गुंडाळून ओसरीवर शेंगा सोलत होती, मनगटं निम्मी झाली होती. गेणबाकाकांनी पाणी आणलं. भाभींनी तांब्याला हात लावला नाही. माझी चूक झाली, गोळी रजनीचीच होती, ती कॅन्सरसाठीच होती, असं त्यांनी सरळ सांगितलं. शेंगा तशाच हातात धरून रजनी म्हणाली, "तवा इतक्या कागदांवर सह्या केल्या, ह्या गोळीचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

काकांनी तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मंग आता परत द्यायाची?"

"व्हय काका. मळमळलं तर त्या नंबरावर फोन करा, पर थांबवू नका."

"तुमी म्हनताय तर देतो."

"मी न्हाई काका. डॉक्टर म्हनत्यात."

काकांच्या आवाजात राग नव्हता. लहान पोराला समजवावं तसं ते म्हणाले, "डॉक्टर तर पयल्यापासनं म्हनतच व्हते, भाभी. आमी तुमचं ऐकलं."