मे महिन्यातली छत्री

आमच्या बोरिवलीच्या चाळीतले एक मालवणी काका भर मे महिन्यातही छत्री घेऊन फिरत. विलायतेच्या बोटीवर नोकरी केल्यापासूनची सवय. "थंय बाराय म्हयने पाऊस, पण थोडो थोडो. उन्हाळो भाजणा नाय, थंडी गोठवणा नाय. समुद्राची कृपा," असं सांगत.

"समुद्र तर आपल्यालाही आहे ना, काका?" एका मे महिन्यात मी विचारलं.

"नुसतो बाजूक असान काय उपयोग? वर्षभर त्याचो वारो घराकडे येवक व्हयो."

त्याच मेमध्ये रॉकेलच्या रांगेत आईला उन्हाने भोवळ आली. रांगेत तिच्या ओळखीचे पुष्कळ होते. आपला नंबर सोडून आले ते काकाच. दुकान उघडेपर्यंत तिच्यावर छत्री धरून ते स्वतः उन्हात उभे राहिले.

त्या छत्रीला मीसुद्धा हसायचो.